कंपनीचा मेडिक्लेम की स्वतःची पॉलिसी: दोन्ही वापरल्यानंतरचा अभिप्राय

पुण्यातील नोकरीत कंपनीने दिलेला ५ लाखांचा गटविमा मी बारा वर्षे वापरला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पत्नी व मुलीसह स्वतःची १० लाखांची फॅमिली फ्लोटर (म्हणजे एकच विमा रक्कम सर्व कुटुंबात सामाईक असलेली) पॉलिसीही घेतली. कंपनीचे संरक्षण असताना वर्षाला १८ हजारांचा हप्ता कशासाठी भरायचा, असे तेव्हा अनेक सहकाऱ्यांनी विचारले होते. दोन्हींवर दावे करून झाल्यामुळे आज त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देता येईल.

गटविम्याचे गुण आधी सांगतो, कारण ते खरोखर मोठे आहेत. प्रवेशासाठी वैद्यकीय तपासणी झाली नाही, माझा रक्तदाब पहिल्या दिवसापासून संरक्षणात आला आणि थोडी रक्कम पगारातून कापून घेऊन कंपनीने आईवडिलांनाही त्यात सामावून घेतले. वडिलांना जुना मधुमेह आहे आणि वय सत्तरीपुढचे. अशा माणसाला बाजारात नवी पॉलिसी मिळालीच, तर जबर हप्त्याने आणि काही वर्षांच्या प्रतीक्षा कालावधीसह (त्या काळात त्या आजाराचा दावा मिळत नाही) मिळते. ज्यांच्या घरी वृद्ध आणि आजारी पालक आहेत, त्यांनी कंपनीची ही सोय कधीही नाकारू नये.

२०२२ मध्ये वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मात्र या विम्याची दुसरी बाजू कळली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये होती आणि आम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली. चार दिवसांचा फरक १२,००० रुपये होईल, तेवढे आपण भरू, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात शल्यविशारदांचे शुल्क, भूल, शस्त्रक्रियागृह आणि परिचर्या यांच्या १ लाख ६० हजारांच्या आकारणीलाही तेच पाच-अष्टमांशाचे प्रमाण लावले गेले आणि त्यातील ६० हजार रुपये आमच्यावर आले. खोलीच्या दर्जाप्रमाणे रुग्णालयाचे इतर दरही वाढतात, म्हणून ही प्रमाणशीर कपात होते. औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट (शरीरात बसवलेला कृत्रिम भाग) यांना ती लावता येत नाही, एवढाच दिलासा. हे कलम पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले होते, पण मूळ पॉलिसी आम्हा कर्मचाऱ्यांच्या हाती कधी आलीच नव्हती. मिळाले होते ते फक्त टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे, ई-कार्ड. गटविम्यातील सर्वांत गंभीर उणीव मला हीच वाटते: अटी मालक आणि विमा कंपनी यांच्यात ठरतात, दरवर्षी बदलू शकतात आणि ज्याच्या घरी आजारपण येते त्याला त्या टीपीएच्या खिडकीपाशी समजतात.

जून २०२४ मध्ये मी नोकरी सोडली आणि शेवटच्या कामाच्या दिवशीच गटविमा संपला. जानेवारी २०२५ मध्ये पत्नीला पोटदुखी सुरू झाली, पित्ताशयात खडे निघाले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. या आजाराला वैयक्तिक पॉलिसींत साधारणतः २४ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी असतो. नोकरी सुटल्यावर पॉलिसी घेतली असती, तर ती हातात असूनही सर्व खर्च आम्हीच केला असता. आमची पॉलिसी २०१८ पासून खंड न पडता चालू होती, म्हणून दावा मंजूर झाला. त्या १८ हजारांनी मी खरे तर प्रतीक्षेची वर्षे विकत घेत होतो. माझ्या रक्तदाबासाठीचे तेव्हाचे ४८ महिनेही ऑक्टोबर २०२२ मध्ये, नोकरीत असतानाच, पूर्ण झाले होते. एप्रिल २०२४ पासून आधीपासूनच्या आजारांसाठी ही मर्यादा कमाल ३६ महिन्यांवर आली आहे. शिवाय सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

माझ्या पॉलिसीतही दोष आहेत. वय वाढले तसा हप्ता वाढत जाऊन ३१ हजारांच्या आसपास पोहोचला. घरी सोडण्याच्या दिवशी विमा कंपनीच्या अंतिम मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत बसावे लागले, वास्तविक २०२४ च्या नियमांनुसार ती तीन तासांत मिळायला हवी आणि त्यापुढील विलंबामुळे रुग्णालयाने आकारलेली जादा रक्कम विमा कंपनीने सोसायला हवी. समाधानाची गोष्ट ही, की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाल्याने गेल्या नूतनीकरणाला ती रक्कम वाचली. हप्त्यावरील प्राप्तिकराची वजावट मात्र जुन्या करप्रणालीतच मिळते, त्यामुळे केवळ कर वाचवण्यासाठी पॉलिसी घेऊ पाहणाऱ्यांनी आपली प्रणाली आधी तपासावी.

ज्यांनी वैयक्तिक पॉलिसी अद्याप घेतलेली नाही आणि नोकरी सोडण्याच्या बेतात आहेत, त्यांनी नोटीस कालावधीतच एचआरकडे एक चौकशी करावी. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो आणि तो स्वीकारला गेल्यास आधी घालवलेल्या प्रतीक्षा कालावधीचे श्रेय मिळते. मला हे कोणीही सांगितले नव्हते. पूर्ण हप्ता झेपत नसेल, तर कंपनीच्या विम्याएवढे डिडक्टिबल ठेवून सुपर टॉप-अप घ्यावा, म्हणजे तेवढ्या रकमेपुढचाच खर्च देणारी पूरक पॉलिसी. त्यात वर्षभरातील सर्व बिलांची बेरीज धरली जाते, साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळच्या भरतीचे बिल स्वतंत्रपणे मोजले जाते.

आता नव्या नोकरीत ३ लाखांचा गटविमा मिळाला आहे. रुजू होताना आईवडिलांची नावे त्यात घातली, खोलीभाड्याच्या अटीची प्रत लेखी मागून घेतली आणि आम्हा तिघांची पॉलिसी ऑक्टोबरमध्ये पुन्हा नूतनीकरण केली.