सेस्ना 172 मधून मिठागरांचे फोटो: खर्च किती आणि हाती काय लागतं

गेले बरेच महिने मी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिण टोकाची मिठागरं सेस्ना 172 या भाड्याच्या छोट्या विमानातून टिपतो आहे. बे एरियातले कॅमेरावेडे मराठी मित्र दोनच गोष्टी विचारतात: तासाला किती पडतात, आणि ड्रोन असताना विमान कशाला?

आधी ड्रोनचं सांगतो. यातली बरीच तळी डॉन एडवर्ड्स वन्यजीव अभयारण्यात येतात आणि तिथे ड्रोन उडवायला बंदी आहे. इतरत्र उडवला तरी साधारण 400 फुटांची मर्यादा. तेवढ्यावरून एखादा बांध दिसेल, पण हिरव्या तळ्याशेजारी केशरी आणि त्याला लागून गुलाबी, ही सगळी मांडणी दिसत नाही. कमी खारट पाण्यात हिरवं शेवाळ असतं. पाणी आटत जातं तसा ड्युनालिएला नावाच्या शेवाळाचा तांबूस रंग चढतो, आणि अगदी खारट तळ्यांत मिठात वाढणारे सूक्ष्मजीव पाणी गुलाबी करून टाकतात. 2003 मध्ये सरकारने मीठ बनवणाऱ्या कारगिल कंपनीकडून इथली हजारो एकर मिठागरं घेतली, आणि त्यातली तळी टप्प्याटप्प्याने पुन्हा भरती-ओहोटीच्या दलदलीला जोडली जात आहेत. पक्ष्यांसाठी ही फार चांगली गोष्ट आहे. पण आज दिसणारे रंग उद्या त्याच जागी असतीलच असं नाही, म्हणून मी हा खर्च करतो.

आता पैसे. मी घेतो त्या विमानाचा दर तासाला 190 डॉलर, इंधन धरून. पायलटचे तासाला 80. दर विचारताना तो इंधनासह आहे का, हे आधी विचारा. एका फ्लाइंग स्कूलने मला फोनवर आकर्षक आकडा सांगितला आणि बिलात इंधन वेगळं लावलं. दुसरा प्रश्न मीटरचा. भाड्याचा वेळ मोजणारा हॉब्स मीटर साधारण इंजिन सुरू झाल्यापासून पळतो, म्हणजे धावपट्टीपर्यंत जाणं, तिथली इंजिन तपासणी, रांगेत थांबणं, सगळ्याचे पैसे पडतात. तो तासाच्या दहाव्या भागात मोजतो, एक घर म्हणजे 6 मिनिटं. मीटरवर 1.4 दिसलं तर तळ्यांवर मिळालेला वेळ तासाहून कमीच असतो. पायलट उड्डाणाआधीच्या चर्चेचेही पैसे घेतो. म्हणून एका फेरीचे सव्वाचारशे डॉलर धरून चला. हेलिकॉप्टरचा तासाचा दर याच्या कितीतरी पट आहे. एका जागी तरंगत राहणं सोडलं, तर या कामासाठी त्याची गरज मला कधी भासली नाही.

ओळखीतला कुणी खाजगी परवान्यावर उडवत असेल, तर त्याला फक्त खर्चातला वाटा देता येतो आणि त्याचा स्वतःचा वाटा त्यानेच भरायचा असतो. मोबदला द्यायचा असेल तर व्यावसायिक परवानाच हवा. माझा आग्रह इथेच आहे: पैसे वाचवायचे तर विमानात वाचवा, पायलटमध्ये नको. फोटोग्राफरला घेऊन उडलेला पायलट वळण कुठून सुरू करायचं ते जाणतो, पंखाचा आधारदांडा आणि चाक चौकटीबाहेर ठेवतो, आणि थोडे फ्लॅप (पंखांमागची खाली झुकणारी पाती) लावून 70 नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे 130 किलोमीटरच्या आसपास शांतपणे घिरट्या घालतो. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या हवाई हद्दीत शिरायला नियंत्रकांची स्पष्ट परवानगी लागते. ती मागायची सवय नसलेल्याबरोबर गेलात, तर अर्धा वेळ वाट बघण्यात जातो आणि मीटर चालूच राहतो.

172 चे पंख वर असतात, म्हणून खाली मोकळं दिसतं. पण उजवीकडची खिडकी उघडते का, हे आधी बघा. जुन्या काही विमानांत फक्त पायलटचीच उघडते. बंद काचेतून रंग फिके येतात, आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला तर प्लॅस्टिकच्या काचेवर इंद्रधनुषी डाग उमटतात. खिडकी उघडी असेल तर लेन्सचं हूड काढून ठेवा आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घाला. कोपर किंवा लेन्स दाराला टेकवू नका, इंजिनची थरथर थेट फोटोत उतरते. मी शटरचा वेग 1/1000 सेकंदापेक्षा कमी ठेवत नाही. अभयारण्यावरून 2,000 फूट उंची राखावी अशी वैमानिकांना विनंती असते, ती आम्ही पाळतो. त्यामुळे दूरचं जवळ आणणारी 70-200 मिमी लेन्सच सर्वात जास्त कामाला येते. रुंद लेन्समध्ये पंख घुसतो.

चार खुर्च्या बघून चौघं जायचा बेत करू नका. टाकी भरलेली असताना चार मोठ्या माणसांचं वजन या विमानाला सहसा झेपत नाही.

उन्हाळ्यात सकाळी खाडीवर ढगांचा थर असतो, त्यामुळे पहाटेचं बुकिंग बरेचदा रद्द होतं. हवामानामुळे रद्द झालं तर पैसे कापणार का, हेही लेखी घ्या. मी उन्हाळ्याच्या शेवटी, दुपारी जातो. पाणी आटून रंग गडद झालेले असतात आणि सूर्य पाठीशी ठेवला की पाण्यावरची चकाकी टळते.

भांडुप-मुलुंडच्या मिठागरांवर हे करता येईल का, असंही विचारतात. भारतात अशा खास उड्डाणाला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी लागते, शिवाय ती जागा मुंबई विमानतळाच्या अगदी जवळ आहे. तेव्हा तिथे विमानाचं भाडं विचारण्याआधी परवानगीची चौकशी करा.