दीडशेचा टेस्टर, सातशेचा मीटर आणि टकटकणारा डावा इंडिकेटर : सात महिन्यांनंतर

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात लातूरच्या गंजगोलाई बाजारातनं दोन वस्तू घेतल्या. एक बारा व्होल्टचा टेस्टर : स्क्रू ड्रायव्हरसारखी पारदर्शक मूठ, आत बारका बल्ब, पुढं सुई, मागनं वायर आणि वायरीला क्लिप. दीडशे रुपये. दुसरा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-करंट आकड्यांत दाखवणारा मीटर, सातशेला. आता पाडवा होऊन गेला. सात महिन्यांत दोन्ही भरपूर वापरले, आमच्या गाडीवर कमी आणि दुसऱ्यांच्या गाड्यांवर जास्त. मी वायरमन नाही. मार्केट यार्डात आडतीवर दिवाणजी आहे, सोयाबीन-तुरीचा हिशेब लिहितो. त्यामुळं ज्याला बोनेट उघडता येतं पण पुढं काय करायचं ते कळत नाही, त्यानं हे वाचावं.

घ्यायचं कारण आमच्या २०१२च्या हॅचबॅकचा डावा इंडिकेटर. पावसाळा लागला आणि तो भलताच जोरात टकटकायला लागला. मोबाईलवर वेळ लावून मोजलं तर मिनिटाला दीडशेच्या वर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०२व्या नियमात हा वेग मिनिटाला ६० ते १२० असा दिलेला आहे. हे मला नंतर कळलं, पण काहीतरी बिघडलंय एवढं कानालाच कळत होतं. एका गॅरेजात दाखवलं. त्यांनी बल्ब बदलला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग फ्लॅशर (इंडिकेटर लावायची-विझवायची डबी) बदलला, साडेतीनशे रुपये घेतले. आठवडाभरानं पाऊस पडला आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदा "कॉम्बी स्विच बदलावा लागंल" म्हणाले, म्हणजे स्टिअरिंगजवळची इंडिकेटरची दांडी. किंमत ऐकली आणि गाडी वळवून घरी आणली.

जोरात टकटकणं हा बिघाड नसतो, निरोप असतो, हे आधी समजून घ्यायला पाहिजे होतं. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी असायची. करंटनं ती तापून वाकायची आणि सुटायची. बल्ब गेला की करंट कमी, म्हणून पट्टी हळू तापायची आणि इंडिकेटर मंद व्हायचा किंवा लागून तसाच राहायचा. नंतरचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलटा वागतो. त्या बाजूला जेवढा करंट जायला पाहिजे तेवढा गेला नाही, की तो वेग दुप्पट करून ड्रायव्हरला सांगतो. बल्ब एकवीस वॉटचा असतो, पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणजे निरोप फक्त एवढाच, की करंट कमी जायलाय. कामून कमी जायलाय, ते फ्लॅशरला ठाऊक नसतं. गॅरेजवाल्यानं निरोप्यालाच बदलून टाकलं.

तर मीटर आला. पहिला रविवार मीटरनं वाया घालवला, ते सविस्तर सांगतो, कारण ह्या चुकीसाठीच हे सगळं लिहायला बसलोय. डिकी उघडली, डावा टेल लॅम्प काढला, बल्ब काढला. होल्डरच्या मधल्या टोकाला मीटरचा लाल प्रोब (टोकदार वायर), काळा बॅटरीच्या मायनसला (लांब वायर जोडून). इंडिकेटर चालू. मीटरवर ०, ७, ११, ३, ९ असले आकडे नाचायला लागले. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो आणि इंडिकेटर मध्येच लागतो-विझतो, त्यामुळं त्याचा मेळ बसत नाही. असो. प्लस येतोय एवढं कळलं. मग मीटर बझरवर ठेवला (दोन टोकं आतनं जोडलेली असली की वाजतो), एक प्रोब होल्डरच्या अर्थला, म्हणजे करंट बॉडीतनं बॅटरीच्या मायनसला परत जायच्या टोकाला, दुसरा बॉडीच्या उघड्या बोल्टला. पीऽऽ वाजला. अर्थ ठीक. प्लस ठीक, अर्थ ठीक, बल्ब नवा, फ्लॅशर नवा, आणि तरी टकटक चालूच! संध्याकाळपर्यंत माझी पण खात्री झाली, की कॉम्बी स्विचच गेला.

दोन गोष्टी डोळ्यांसमोर असून मी बघितल्या नव्हत्या. रात्री डिकी बंद करताना बायको म्हणाली, "अहो, इंडिकेटरसंगट तो लाल दिवा पण मिचमिच करायलाय की." खरंच. पार्किंग लाइट बंद असताना डाव्या बाजूचा लाल टेल लॅम्प इंडिकेटरच्या तालावर मिणमिणत होता. आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर जवळपास विझायचा.

पुढच्या शनिवारी गावी गेलो. रेणापूरच्या पुढं आमचं गाव. तिथं ट्रॅक्टरची वायरिंग करणारे एक चाचा आहेत, वय सत्तरीच्या घरात. माझा मीटर त्यांनी हातात सुद्धा घेतला नाही. "दिवाणजी, प्लस तर सगळेच बघतेत. मायनस कोण बघायचं?" मी म्हटलं, चाचा, बझर वाजला की. ते हसले. त्यांच्या पिशवीतनं एक होल्डर निघाला, दोन वायरी, त्यात गाडीचाच एकवीस वॉटचा बल्ब. एक वायर थेट बॅटरीच्या प्लसला जोडली, दुसरी माझ्या होल्डरच्या अर्थला टेकवली. बल्ब लागला, पण देवघरातल्या समईएवढा. तीच वायर बॉडीच्या बोल्टला टेकवली तर डोळे दिपले.

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. मीटर बझर वाजवताना वायरीतनं अगदी किरकोळ करंट सोडतो, आणि तीस-चाळीस ओहमपर्यंतचा अडथळा असला तरी वाजतो. गरम बल्बचा स्वतःचा रोध सात ओहमच्या आसपास. मग अर्थमध्ये चार-पाच ओहमचा गंज बसला, तरी बल्बाच्या वाटणीचे व्होल्ट तो अर्धेमुर्धे खाऊन टाकतो, आणि मीटर मात्र खुशाल पीऽऽ करत राहतो. सायकल पुलावरनं गेली म्हणून पूल भक्कम ठरत नाही, त्यावरनं उसाची ट्रॉली जाऊ द्यावी लागते. लाल दिव्याचं कोडं पण सुटलं. इंडिकेटर, ब्रेक आणि टेल लॅम्प ह्या तिघांचा अर्थ एकच. ती वाट अडली, की इंडिकेटरचा करंट टेल लॅम्पच्या तारेतनं उलटा शिरून दुसऱ्या बाजूच्या दिव्यांमधनं परत जायची वाट शोधतो. ब्रेक दाबला की त्याच अडलेल्या वाटेवर आणखी एकवीस वॉटची गर्दी.

डिकीच्या डाव्या कोपऱ्यातलं कार्पेट उचललं. टेल लॅम्पच्या रबरातनं पाणी आत आलेलं, त्यासंगट आमची काळी माती. अर्थच्या बोल्टभोवती चिखल वाळून भेगाळला होता, अगदी उन्हाळ्यातल्या रानासारखा. बोल्ट काढला तर खाली तांबडा गंज आणि वायरीच्या गोल टोकाला हिरवट बुरशीसारखा थर. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, टोक घासलं, बोल्ट आवळला, वरनं व्हॅसलीन. खर्च शून्य. तेव्हापासून टकटक मिनिटाला पंचाऐंशी.

मीटर वाया गेला असं मात्र नाही. त्याला प्रश्न नीट विचारता आला पाहिजे. आता मी अर्थ बझरवर तपासतच नाही. बल्ब होल्डरमध्येच ठेवायचा, दिवा चालू ठेवायचा, मीटर डीसी व्होल्टवर. लाल प्रोब होल्डरच्या अर्थ टोकाला, काळा थेट बॅटरीच्या मायनसला. आकडा ०.१ किंवा ०.२च्या आत असला तर अर्थ चांगला. माझ्याकडं बोल्ट घासायच्या आधी चार-साडेचार व्होल्टपर्यंत आकडा उडत होता, नंतर ०.०६. आकडे नाचायला नको असतील तर इंडिकेटरऐवजी ब्रेक दाबून धरायला कुणाला तरी बसवा, अर्थ एकच असतो. आमच्या धंद्यात जमेची बाजू जुळली म्हणून कुणी वही मिटत नाही. इथं मी नेमकं तेच केलं होतं.

टेस्टरबद्दल. पहिल्यांदा घेतला तो एलईडीचा निघाला, उजेड झकास, आणि ह्या कामाला निरुपयोगी. एलईडी काही मिलिअँपिअरवर लागतो, म्हणजे मीटरसारखाच फसतो. परत जाऊन तारेच्या बल्बचा मागितला. दुकानातलं पोरगं म्हणालं, "काका, तो जुना माल हाय." म्हटलं, तोच दे. पण त्याचा बल्ब पण बारका, म्हणून चाचांसारखा एकवीस वॉटवाला स्वतः बनवला, जुना होल्डर, दोन मीटर वायर आणि दोन क्लिपा, साठ रुपयांत. सगळ्यात जास्त काम त्यानंच दिलंय.

दुकानातला टेस्टर फ्यूज बघायला एक नंबर. क्लिप बॉडीला लावायची, चावी चालू करायची आणि फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक उघड्या ठिपक्यांना सुई लावायची. दोन्हीकडं लागला तर फ्यूज चांगला. एकीकडंच लागला तर गेला. फ्यूज उपसायची गरज नाही. दिवाळीत दाजींच्या गाडीचे दोन्हीकडचे इंडिकेटर बंद पडले होते, पण चारी एकदम लावायचं तिकोनी बटण दाबलं की चारी लागायचे. हे कळलं की अर्धं काम झालं. चारी लागतात म्हणजे बल्ब चांगले, त्यांच्यापर्यंतच्या वायरी चांगल्या. बहुतेक जुन्या गाड्यांत फ्लॅशर दोघांचा एकच असतो, करंट मात्र दोन वेगळ्या फ्यूजमधनं येतो : इंडिकेटरला चावी चालू केल्यावर, तिकोनी बटणाला कायमचा. पाच मिनिटांत फ्यूज सापडला, पट्टीला केसाएवढी चीर. दाजींनी आधी हाताच्या पंख्यासारखा हलवून बघून "चांगला हाय की" म्हणून परत बसवलेला.

फ्लॅशर खरंच गेला का ते बघायची एक सोपी रीत आहे. फ्लॅशर काढायचा आणि त्याच्या सॉकेटमधल्या ४९ आणि ४९ए ह्या दोन टोकांना वायरीच्या तुकड्यानं जोडायचं (काहींवर बी आणि एल लिहिलेलं असतं). इंडिकेटर टाकल्यावर दिवे न मिचमिचता सलग लागले, तर पुढची वाट साफ आहे आणि दोष फ्लॅशरचा. ३१ किंवा ई लिहिलेल्या टोकाला हात लावू नका. ते अर्थ आहे, तिथं जोडलं तर फ्यूज उडालाच.

पुतण्यानं हौसेनं एलईडी बल्ब टाकले आणि त्याची पण टकटक सुरू झाली. इथं गंजबिंज काही नाही. एलईडी करंटच कमी ओढतो, फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला. दुकानदारानं त्याला करंट वाढवायला सहा ओहमचा रेझिस्टर दिला होता, सोनेरी, आणि पोरानं तो प्लॅस्टिकच्या पट्टीनं बंपरच्या आतल्या बाजूला बांधला. गाडी चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरले तर त्यात तीस वॉटची उष्णता होते. मिचमिचताना निम्मी, तरी बोट टेकवून बघा. चारी इंडिकेटर लावून लग्नाच्या वरातीत गाडी तासभर उभी होती, प्लॅस्टिकची पट्टी वितळली आणि बंपरला आतनं फोड आला. रेझिस्टर लावायचाच तर पत्र्यावर. त्यापेक्षा फ्लॅशर सुटा असलेल्या गाडीत एलईडीला चालणारा फ्लॅशर घ्यावा.

आता तक्रारी, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच. मीटरच्या प्रोबच्या वायरी उन्हात ठेवून कडक झाल्या, एक मुळाशी चिरली. नऊ व्होल्टची बॅटरी महिनाभरात बसली, कारण मीटर आपोआप बंद होत नाही आणि मी विसरतो. नोव्हेंबरात लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात तसाच राहिला होता. मी व्होल्ट बघायला म्हणून टेकवला आणि ठिणगी उडून गाडीचा फ्यूज गेला. त्या भोकात प्रोब असला की मीटर म्हणजे नुसता वायरीचा तुकडा, हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. टेस्टरच्या सुईनं वायरीला भोक पाडून बघायची सवय मला लागली होती. त्यातलंच एक भोक पावसाच्या पाण्यानं आतनं हिरवं झालं, आणि स्वतः केलेला बिघाड मी स्वतःच तीन आठवड्यांनी शोधला. आता कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या जोडाच्या) मागनं सुई सरकवतो, वायर टोचत नाही. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कपलरला मात्र कुठलाच टेस्टर लावू नका, तो एअरबॅगचा असतो. आणि नव्या गाड्यांत इंडिकेटर कॉम्प्युटरवरनं चालतो, तिथं माझा एकवीस वॉटवाला बल्ब मी नेत नाही. तिथं मीटरच बरा, तो काही ओढत नाही.

मीटरचा बझर बिनचूक उपयोगी पडला तो उंदरांच्या वेळी. शेजाऱ्यांची गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी महिनाभर उभी होती. उजव्या बाजूची वायर साफ कुरतडलेली, तिथं अर्धंमुर्धं काही नाही, तुटली ती तुटली. बझर गप्प, वीस मिनिटांत जागा सापडली.

एकच घ्यायचं असेल तर टेस्टर घ्या, तारेच्या बल्बचा. माझा सध्या माझ्याकडं नाही. कारखाने बंद व्हायला आलेत, शेवटच्या खेपा रात्रीच्या चालल्यात आणि थोरल्या भावाच्या ट्रॉलीचा मागचा दिवा लागत नव्हता, म्हणून तो टेस्टर आणि एकवीस वॉटवाला बल्ब दोन्ही घेऊन गेला. परवा फोन केला तर म्हणाला, "दिवा लागलाय, अर्थच होता. टेस्टर चाचाकडं हाय." मीटर आहे कपाटात. तो अजून कुणी मागितला नाही.