स्प्रिंग की पीसीपी? आधी दुपारी अडीचला उडवून बघा

एअर रायफल घेणारे ताकद विचारतात, नेम विचारतात, किंमत तर विचारतातच. आवाजाचं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. आता घरात दोन्ही आहेत, एक स्प्रिंगची, म्हणजे स्प्रिंगने ढकललेला पिस्टन हवा दाबतो ती, आणि एक पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून हवा भरून ठेवायची ती. दोन्ही ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या, म्हणजे परवाना न लागणाऱ्या. कुळागराच्या, म्हणजे पोफळींच्या बागेच्या, टोकाला चिऱ्यांचा गडगा आहे. त्याच्यापुढे मातीची रास आणि राशीवर कागद, एवढंच माझं मैदान. अंतर वीसेक मीटर.

गोव्यात एअरगन हातात दिसली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘ससो पडटलो मरे?’ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपला ससा मारणं गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता तिथेच मिटतो. गंमत म्हणजे आवाजाचं शहाणपण मला सशांकडूनच मिळालं, पण ते विलायतेतल्या. माझा मामेभाऊ स्विंडनला असतो. तिकडचा बिळात राहणारा ससा पिकाचा शत्रू मानला जातो, आणि शेतमालकाच्या परवानगीने लोक एअर रायफलने त्याची शिकार करतात. हाही शनिवारी जातो.

तो म्हणाला, “ज्याच्यावर नेम धरलाय त्याची काळजी नसते रे. बाकीचे काय करतात, ते महत्त्वाचं.” एकाने मागचा पाय जमिनीवर आपटला की आजूबाजूचे सगळे बिळात, आणि मग अर्धा तास रिकाम्या बांधाकडे बघत बसायचं. त्यात छर्रा आवाजापेक्षा हळू जातो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर तिकडच्या परवाना न लागणाऱ्या रायफलचा छर्रा साधारण २४० मीटर. म्हणजे तीस मीटरवरच्या सशाच्या कानात आवाज आधी शिरतो. म्हणून तिकडे पीसीपीच्या नळीला मॉडरेटर, म्हणजे आवाज दाबणारं नळकांडं, लावतात. मग ती इतकी मऊ वाजते की शेजारचा ससा मान वर करतो आणि पुन्हा चरायला लागतो. स्प्रिंगच्या खणखणाटाने मात्र तो बिथरतो, असा त्याचा अनुभव. थोडक्यात त्याचा कौल पीसीपीला.

मी त्याचं ऐकून पीसीपी घेतली आणि तिथेच फसलो. माझ्या पीसीपीला मॉडरेटर नाही, आणि तो लावायच्या वाटेला मला जायचं नाही. उघड्या नळीच्या पीसीपीचा आवाज म्हणजे दाबलेली हवा तोंडातून एकदम सुटल्याचा. तो पुढे जातो, गडग्यावर आपटतो आणि वाड्यावर पसरतो. उडवणाऱ्याला तो तेवढा जाणवत नाही. स्प्रिंगचं उलट. तिचा आवाज पिस्टन आणि स्प्रिंगचा, यंत्राच्या पोटातला. गाल दस्त्याला टेकलेला असल्यामुळे तो जबड्याच्या हाडातून थेट कानात येतो आणि वाटतं, आख्खा गाव जागा झाला. प्रत्यक्षात चार पोफळींपलीकडे त्यातलं फारसं काही पोचत नाही.

हे मला कळायला शेजारच्या काकी याव्या लागल्या. मला मोकळा वेळ मिळतो तो दुपारी जेवणानंतर, आणि दोन ते चार आमच्या वाड्यावर कुत्रंही भुंकत नाही. तिसऱ्याच दिवशी काकी गडग्यापाशी उभ्या: “आरे पुता, मातशें न्हिदूंक दी रे.” रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दमून बोलल्या. आदल्या दोन दुपारीही त्या झोपल्या नव्हत्या, हे नंतर कळलं.

त्यानंतर बायकोला काकींच्या विहिरीपाशी उभं केलं आणि दोन्ही रायफली पाच-पाच वेळा उडवल्या. नेम विरुद्ध दिशेला होता, हे सांगायला नको. तिचा निकाल असा: स्प्रिंगची म्हणजे कुणीतरी दाराला कडी घातली, पीसीपी म्हणजे चवथीतला एक सुटा फटाका. याला कुणी मोजमाप म्हणणार नाही. मला तेवढं पुरलं.

स्प्रिंगची शांत राहते ती एका अटीवर. इथल्या दमट हवेत गंजाच्या भीतीने आपण लोखंड दिसेल तिथे तेल ओततो. ते पिस्टनपुढच्या नळकांड्यात गेलं की दाबाने पेट घेतं. मग धूर येतो, जळका वास येतो आणि असा कडाका उठतो की पीसीपी परवडली. मीही हा प्रताप केला आहे. बाहेरून तेलाचं फडकं फिरवावं, आत हात घालू नये. स्प्रिंगऐवजी गॅसचा पिस्टन असलेली मिळाली तर स्प्रिंगची झणझणही जाते आणि नुसता एक ठोका उरतो. मित्राची उडवून पाहिली आहे. आज नवी घ्यायची झाली तर मी बहुधा तीच घेईन.

नेमाच्या बाबतीत पीसीपी सरस आहे, यात वाद नाही. धक्का नाही, धरण्याची तऱ्हा थोडी चुकली तरी ती सांभाळून घेते. स्पर्धेच्या तयारीला बंद रेंजवर जाणार असाल तर माझं काही ऐकू नका, तीच घ्या. पण घरामागे, शेजार हाकेच्या अंतरावर असताना रोज वीस-पंचवीस छर्रे उडवायचे असतील, तर मला वाटतं स्प्रिंगची घ्यावी. तिचा हिसका सवयीने आवरता येतो. काकींच्या झोपेला आपली सवय लागत नाही.

पीसीपी मी विकलेली नाही. जून ते सप्टेंबर, पत्र्यांवर पाऊस कोसळत असला की तिचा आवाज विहिरीपर्यंतही जात नाही. तेव्हा खोपीत उभा राहून मी तीच उडवतो. फक्त नेमक्या त्याच दिवसांत हातपंपातून हवेबरोबर ओलही सिलिंडरमध्ये जाते, आणि दर वेळी पंप मारताना आतून ती गंजत असेल का, हा विचार मनातून जात नाही.