अडकणारे पिस्तूल आणि बदललेले मॅगझीन

माझ्याकडे .३२ बोअरचे परवान्याचे पिस्तूल आहे. आडतीच्या धंद्यात रोकड घेऊन रात्री उशिरा परतावे लागते म्हणून ते घेतले, आणि हाताची सवय मोडू नये म्हणून महिन्यातून एकदा रायफल क्लबच्या रेंजवर जातो. गेल्या पावसाळ्यानंतर ते अडकू लागले. तीन-चार गोळ्या सुटल्या की स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, अर्ध्यावर थांबे, आणि पाहिले तर पुढच्या काडतुसाचे टोक खाली झुकून मॅगझीनच्या, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीच्या, पुढच्या भिंतीला टेकलेले असे.

माझ्याकडे दोन मॅगझिने होती. ओळखण्यासाठी मी त्यांच्या तळाला बायकोच्या नेलपॉलिशने ठिपके दिले होते, एकाला एक आणि दुसऱ्याला दोन. अडकत होते ते फक्त एका ठिपक्याचे. काडतुसे दोन्हींत एकाच खोक्यातली, तळावर ‘केएफ’ कोरलेली खडकीच्या कारखान्याची. म्हणजे दोष पिस्तुलात किंवा काडतुसात नसून त्या एका मॅगझिनात असण्याची शक्यता दाट होती. हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही, आणि पुढच्या सगळ्या नुकसानीला सुरुवात तिथेच झाली.

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्तीही परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागते. लेथवाल्याकडे किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडे जाण्याची सोय नाही आणि आमच्या भागात असे दुकानही एकच, त्यामुळे गिऱ्हाईक तिथे आधीच अर्धे हरलेले असते. दुकानदाराने काडतूस न भरता, मॅगझिने हातात न घेता, नुसते स्लाइड मागे ओढून आत डोकावून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, रॅम्पच बसलाय. घासून पॉलिश करावा लागेल.” रॅम्प म्हणजे मॅगझिनातून निघालेले काडतूस ज्या उतारावरून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, चढते तो भाग. दहा दिवस आणि १४,५०० रुपये. हातात दिली ती कागदाची चिठ्ठी. तिच्यावर ‘पिस्तूल सर्व्हिस’ एवढेच लिहिले होते, सोबत दिलेल्या मॅगझिनांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

पिस्तूल परत आले तेव्हा एका मॅगझिनाच्या तळाचा एक ठिपका जागेवर होता, दुसऱ्याचा तळ कोरा. साफसफाईच्या द्रावणाने पुसला गेला असेल, असे मी मनाशी म्हटले. द्रावणाने गेला असता तर दोन्हींवरचा गेला असता, इतका साधा विचार मला सुचला नाही.

रेंजवर आता दोन्ही मॅगझिने अडकू लागली. मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी निदान बदलले: स्लाइडची स्प्रिंग दमली आहे, ‘बाहेरची’ टाकू, ६,००० रुपये. जुनी स्प्रिंग मागितली तर ती भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. नव्या स्प्रिंगने तर स्लाइड पुरती मागेच जाईना. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या दारातच चिमटली जाऊ लागली आणि कधी कधी पुढचे काडतूस उचललेच जात नसे.

शेवटी क्लबमध्ये येणाऱ्या, सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे, राहिलेल्या निवृत्त हवालदारसाहेबांना पिस्तूल दाखवले. त्यांनी प्रथम मॅगझीन काढले, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासले. अडकलेले पिस्तूल मोकळे करतानाही हाच क्रम, बोट ट्रिगरबाहेर आणि नळी निशाण्याकडे ठेवून, हे त्यांनी मला दोनदा बजावले. मॅगझीन आत ठेवून स्लाइड ओढली तर अडकलेले निघते आणि मागून दुसरे भरते. सगळी चाचणी त्यांनी ड्रिल राउंडवर, म्हणजे दारू नसलेल्या सरावाच्या काडतुसांवर, केली.

.३२ काडतुसाच्या बुडाची कडा अंगापेक्षा जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर असते. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. ती मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि वरचे टोक खाली झुकते. मी काडतुसे सरळ वरून दाबत होतो, त्यात एका ठिपक्याच्या मॅगझिनात जुने तेल आणि धान्याचा भुसा मिळून चिकट लगदा झाला होता. हवालदारसाहेबांनी ते उघडून धुतले, कोरडे केले, आणि प्रत्येक काडतूस पुढून मागे सरकवत भरले. हाताने स्लाइड ओढत तीन वेळा पूर्ण मॅगझीन रिकामे केले, एकदाही अडकले नाही. मूळ आजार एवढाच होता, आणि त्यावरचा उपाय फुकटचा होता.

मग त्यांनी बिनठिपक्याचे मॅगझीन व्हर्नियरने मोजले. काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा दुसऱ्याच्या मानाने अर्धा मिलिमीटर फाकलेल्या होत्या, आतली स्प्रिंग आखूड, तळावर दुसऱ्याच कोणाच्या वापराचे ओरखडे. माझे दोन ठिपक्यांचे चांगले मॅगझीन काढून घेऊन कोणाचे तरी झिजलेले माझ्या माथी मारले होते. रॅम्पवर ग्राइंडरच्या आडव्या रेघा होत्या. माझी एक रिकामी पुंगळी त्यांनी माझ्या नखाखाली फिरवली; बुडाशेजारी एका बाजूला स्पष्ट फुगवटा लागला. रॅम्प घासताना चेंबरचा तिथला आधारच निघून गेला होता. “नळी कारखान्याकडून तपासल्याशिवाय याच्यातून एकही गोळी झाडू नका,” ते म्हणाले.

मी चिठ्ठी, मोजमापे आणि फोटो घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आवाज चढवला, मॅगझीन तुम्हीच दिलेले आहे म्हणाला, आणि त्या चिठ्ठीवर माझ्या बाजूने एक अक्षरही नव्हते. कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत मॅगझिनासारखे सुटे भागही येतात, हे मात्र त्याला माझ्याइतकेच ठाऊक असावे, कारण मी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देणार म्हटल्यावर तो गप्प झाला. अर्ज दिला, शिक्क्याची प्रत परवान्याच्या फाइलीत लावली आहे. चार दिवसांनी माझ्या खात्यावर ६,००० रुपये आले, सोबत ना फोन ना निरोप. मॅगझीन आलेले नाही, आणि पिस्तूल कपाटात कुलपाखाली पडून आहे.