मामांच्या आजारांची बेरीज करून देणारी तपासणी, राजारामपुरी

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, ७६ वर्षांचे. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. आधीच्या दवाखान्यात केसपेपरवर 'शुगर, बीपी' एवढीच ओळ लिहिली आणि तारीख दिली. नणंदबाईंनी हट्ट धरला म्हणून कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका फिजिशियनकडे ऑपरेशनआधीची तपासणी करून घेतली. फी ८०० रुपये.

घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं. मी पिशवी टेबलावर रिकामी केली, चौदा पाकिटं निघाली. डॉक्टरांनी एकेक उचलून मागची बारीक अक्षरं वाचली आणि त्यातली दोन पाकिटं वेगळी काढली. कंपनी वेगळी, रंग वेगळा, आत बीपीचं औषध एकच, टेल्मिसार्टन. एक हृदयाच्या डॉक्टरांचं, दुसरं शुगरच्या. सात महिने मामा दोन्ही घेत होते, आणि सकाळी उठताना गरगरतं म्हणून मी त्यांना लिंबूपाणी करून देत होते. तिसरं पाकीट गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलरचं. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारा आकडा, वाढला तर वाईट) १.९ बघून डॉक्टरांनी ते तिथंच बंद केलं.

मग त्यांनी कागद ओढला आणि बेरीज मांडली. अमेरिकेतल्या डॉ. मेरी चार्लसन यांनी १९८७ साली ही पद्धत काढली. दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाला वर्षभरात मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज त्याच्या बाकीच्या आजारांवरून बांधायचा. प्रत्येक आजाराला त्याच्या गांभीर्याप्रमाणे १, २, ३ किंवा ६ गुण; बेरीज जास्त तितका धोका जास्त. मामांना शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेली, त्याचे २. जुना हार्ट अटॅक १. सीओपीडी, म्हणजे बहुतेकदा धुरामुळे होणारा फुफ्फुसाचा जुनाट दम लागण्याचा आजार, त्याचा १. "म्या बिडी कधी वढली न्हाई," मामा म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, "मग गुऱ्हाळावर किती वर्षं होता?" "चाळीस." गुऱ्हाळाच्या धुरातली ती वर्षंही त्यांनी लिहून घेतली. पन्नाशीनंतर दर दशकाला एक गुण, म्हणून वयाचे ३. एकूण ७.

बीपीला शून्य! मी दोनदा विचारलं. मूळ यादीत बीपी नाही. १९९८ साली आलेल्या, एलिक्सहाउझर या संशोधिकेच्या अशाच दुसऱ्या यादीत आहे, असं त्यांनी समजावलं. मूत्रपिंडालाही गुण नाही, कारण या यादीत क्रिएटिनिन ३ च्या वर लागतं. "पण औषधं देताना मी १.९ विसरणार नाही," म्हणाले. आकडा खूप रुग्णांच्या गटाचा अंदाज देतो, एकट्या मामांचं भविष्य सांगत नाही, हेही त्यांनी मामांच्याच तोंडावर, हळू आवाजात सांगितलं. जिना चढताना किती वेळा थांबता, स्वतः आंघोळ करता का, हे त्या यादीत नसलेले प्रश्नही विचारले. मला त्यांचा हा भाग सगळ्यात आवडला.

ऑपरेशन तीन आठवडे पुढं गेलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली, शुगर आटोक्यात आणली, पूर्ण भूल न देता कमरेतून इंजेक्शन द्यायचं ठरलं आणि आयसीयूत एक खाट सांगून ठेवली. ती लागली नाही. चौथ्या दिवशी मामा घरी आले. चक्कर तर दुसरी गोळी बंद केल्यावर आठवड्यातच थांबली होती.

तक्रारी दोन. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इथं येणारा प्रत्येक माणूस दम लागणारा किंवा गुडघे धरलेला, आणि दिरांनी मामांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. हे बदलायलाच हवं. दुसरी, तो बेरजेचा कागद ऑपरेशनच्या दवाखान्यात परस्पर पोचत नाही. भुलीच्या डॉक्टरांनी फाईल चाळली तर त्यात नव्हताच. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी तो पाच मिनिटं वाचला.

सकाळी नऊच्या आत नंबर लावा, नाहीतर अडीच तास बसावं लागतं. गोळ्यांबरोबर आयुर्वेदिक पुड्याही न्या, त्या ते विचारतात. आणि निघताना कागदाचा फोटो काढून घ्या.