ओटचं गवत की सहाणेवरचं जायफळ?

मे महिन्यात मुंबईची पुतणी गुहागरला आली ती एक पुडी घेऊन. आत बारीक कापलेलं, हिरवट वाळकं ओटचं गवत. "काका, झोपेसाठी मागवलंय. रोज घेऊ ना?" आईने पुडी हुंगली. "अगो, ही तर गुरांची वैरण!"

आई चुकली नव्हती. आपल्याकडे देशावर ओट पेरतात ते हिरव्या चाऱ्यासाठीच. औषधाला मात्र कणीस पिकायच्या आधी, देठ-पानं हिरवी असताना कापतात. दाणा दाबला की दूध येतं, त्या अवस्थेतल्या शेंड्यांचा अर्क काढतात. युरोपात हे गवत पूर्वापार थकलेल्या मज्जातंतूंसाठी, काळजीने उडालेल्या झोपेसाठी देत आले आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले काही वैद्य अफूची सवय सोडवताना त्याचा अर्क वापरत. आपल्या होमिओपॅथीच्या दुकानातली 'अव्हेना सटायव्हा' ती याच ओटची. युरोपच्या औषध संस्थेने सौम्य ताण आणि झोप यांसाठी त्याला मान्यता दिली आहे, पण ती दीर्घ वापराच्या जोरावर, चाचण्यांच्या नव्हे. प्रमाण साधं: 250 मिली उकळत्या पाण्यात 3 ग्रॅम. चव पावसाळ्यातल्या गोठ्याची आठवण करून देणारी. चिमूटभर गवती चहा टाकला तर निभावतं.

जायफळाचं तसं नाही. नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेलं, घरचंच. सहाणेवर दोन-तीन वेढे उगाळून कोमट दुधात, की डोळे जड. पण ते थोडक्यातच औषध. एक आख्खं फळ साधारण 5 ग्रॅमच्या पुढे भरतं, आणि तेवढं पोटात गेलं तर छातीत धडधड, तोंडाला कोरड, भलतेच भास, आणि हे दुसऱ्या दिवसापर्यंत पुरतं. गरोदरपणात तर उगाळायलाही नको. ओटच्या काढ्यात एवढा धोका नाही. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आतड्यांचा आजार) असेल त्याने मात्र पुडीपासून लांब राहावं, ओटमध्ये गहू-जव मिसळलेले असू शकतात.

म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री एकदाच झोप हवी असेल तर मी जायफळच सुचवेन. महिनोन् महिने कामाने पिळून निघालेल्या माणसाला ओट, तोही फार अपेक्षा न ठेवता. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना विचारून.

माझं स्वतःचं मत वेगळंच आहे: ओटचं गवत प्यायचं कमी, अंगावर घ्यायचं जास्त. जर्मनीत खाजऱ्या, सुजलेल्या त्वचेसाठी ओटच्या पेंढ्याचं, म्हणजे मळणीनंतरच्या वाळक्या काडाचं, स्नान अधिकृतपणे मान्य झालेलं आहे, पूर्ण स्नानाला 100 ग्रॅम. आपल्याकडे टब कुठला? मी मूठभर गवत पातेल्यात उकळून गाळलं, पिंगट पाणी बादलीत कोमट केलं आणि पाठीवरच्या घामोळ्यांवर ओतलं. पुरळ तसंच राहिलं, खाज मात्र रात्रभर थांबली. पावसाळ्यातलं गजकर्ण यानं जात नाही, त्याला डॉक्टरचं मलमच लागतं.

एक अडचण खास इथली. उरलेली पुडी फडताळात राहिली आणि श्रावणात उघडली तर पांढरी बुरशी. जायफळं त्याच फडताळात, बरणीत, ठणठणीत. पुतणी जाताना त्यातली दोन घेऊन गेली होती.