‘कस्टमचं मी बघतो’: परदेशातून सायकल मागवताना झालेली माझी फसवणूक

गेल्या महिनाभरात कोल्हापुरातल्या सायकल चालवणाऱ्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. परदेशातून कार्बन फायबरची सायकल स्वस्तात आणून देतो म्हणणारा एक माणूस आहे, त्याला पैसे द्यावेत का? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसण्यापेक्षा माझ्याबरोबर काय घडलं ते एकदा सविस्तर लिहितो. ज्यानं मला फसवलं त्याचं नाव इथं लिहीत नाही, ते पोलिसांना दिलेल्या अर्जात आहे. पण बोलण्याची पद्धत एकच असते, त्यामुळं तुमच्यासमोरचा माणूस तुम्हाला ओळखू येईल.

माझं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. लेक कॉलेजात शिकते आणि रोड सायकलिंगच्या स्पर्धा खेळते. दर रविवारी पहाटे रंकाळ्यावरून निघून पन्हाळा चढून येते, महिन्यातून एकदा गगनबावडा करते. चार वर्षं ती एकाच ॲल्युमिनियमच्या सायकलवर होती. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही पुण्यातल्या डीलरकडे जाऊन तिच्या मापाची कार्बन सायकल बघितली. किंमत २,९५,०००. लेक काही बोलली नाही, पण परत येताना कराडपर्यंत मोबाइलवर त्या सायकलचेच फोटो बघत होती. बापाच्या मनाला ते लागलं.

आठवडाभरात ओळखीतून एक नंबर मिळाला. आपल्याच भागातला माणूस, बोलायला मोकळाढाकळा. याआधी दोघांना सायकली आणून दिल्याचे फोटोही त्यानं पाठवले. म्हणाला, "पावणं, तैवानच्या ज्या फॅक्टरीत या फ्रेमा बनतात तिथलाच माल. मधला डीलर कापला की किंमत खाली येते. घरपोच १,९५,०००. कस्टमचं मी बघतो."

यातलं निम्मं खरं होतं, म्हणूनच मी फसलो. मोठमोठ्या ब्रँडच्या बऱ्याच महागड्या फ्रेमा तैवानमध्ये आणि चीनमध्ये बनतात. पण फॅक्टरी तिथं आहे म्हणून तिथून येणारी प्रत्येक पेटी त्या फॅक्टरीची होत नाही. हा साधा विचार मी केला नाही.

बुकिंगला ८०,००० दिले. "माल निघाला" म्हटल्यावर ७५,०००. मुंबईत पोचल्याचा मेसेज आला त्या दिवशी उरलेले ४०,०००. सगळे यूपीआयने, त्याच्या वैयक्तिक खात्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, सायकलबरोबर येईल. मधे त्यानं माझं आधार आणि पॅन मागून घेतलं. "कुरिअरला केवायसी लागते, नुसती फॉर्मॅलिटी." मीही दोन्हीचे फोटो पाठवून दिले. सगळ्यात महाग पडलेली चूक ती. परदेशातून पार्सल ज्याच्या केवायसीवर येतं, आयात करणारा तो. कागदावर त्या माणसाचं नाव कुठंच नव्हतं. इन्व्हॉइस, घोषणा, मालाची किंमत, सगळं माझ्या नावानं भरलं गेलं होतं आणि ते मी वाचलेलंही नव्हतं.

वाचलं ते कुरिअर कंपनीचा मेल आल्यावर. माल मुंबईत कस्टमनं अडवला होता. इन्व्हॉइसवर लिहिलं होतं, सायकलचे सुटे भाग, भेटवस्तू, किंमत १९० डॉलर. पेटी पाठवल्याचं ठिकाण चीनमधलं शेन्झेन. तैवानचा पत्ताच नव्हता. कस्टमनं विचारलं होतं, खरी खरेदी पावती दाखवा, पैसे कुणाला आणि कसे दिले त्याचा पुरावा द्या.

पुरावा माझ्याकडे होता, पण तो इथल्याच एका माणसाला केलेल्या यूपीआयचा. त्याला फोन केला. शांतपणे म्हणाला, "मामानं गिफ्ट पाठवलंय म्हणून एक पत्र द्या लिहून. नाहीतर जुनी सायकल आहे म्हणून सांगू." रात्री मी ते पत्र लिहायला घेतलं होतं, हे कबूल करतो. बायको म्हणाली, आधी कुणालातरी विचारा.

शिरोलीतल्या फौंड्रीवाल्यांची एक्स्पोर्टची कागदपत्रं बघणारे एक कस्टम ब्रोकर माझ्या ओळखीचे आहेत, वयानं मोठे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर सगळे कागद ठेवले. काकांनी अर्धा तास जे सांगितलं ते मला पैसे देण्याआधी कळायला हवं होतं.

पहिली गोष्ट, भेट म्हणून ड्युटी माफ होत नाही. कुरिअरनं आलेल्या पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना पूर्वी सवलत होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राख्यांसारखे मोजके अपवाद राहिले. दुसरी, जुनी म्हणून सांगणं तर आणखी वाईट. जुन्या वापरलेल्या वस्तू परवान्याशिवाय देशात आणता येत नाहीत, त्या निर्बंधित यादीत आहेत. म्हणजे तो मला एका खोट्यातून काढून दुसऱ्या मोठ्या खोट्यात ढकलत होता. तिसरी, घोषित किंमत खरी वाटली नाही तर कस्टम ती नाकारून स्वतः किंमत ठरवू शकतं. आणि खोटी किंमत लावलेला माल कस्टम्स ॲक्ट, १९६२ खाली जप्त होऊ शकतो. मग तो सोडवायला ड्युटीशिवाय वेगळा दंड, आणि खोटं सांगितल्याबद्दल आणखी दंड. "हे सगळं कुणाच्या नावावर लागणार?" काकांनी विचारलं, आणि इन्व्हॉइसवरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं.

त्याची कमी किंमत कुठून येत होती ते मला तेव्हा कळलं. जी ड्युटी चुकवून तो स्वस्त देत होता, ती माझ्या नावावर चुकवत होता.

पत्र फाडलं. काकांच्या मदतीनं खरं काय ते लिहून दिलं. कस्टमनं मालाची किंमत, भाडं आणि विमा धरून १,३०,००० ठरवली. स्वतःच्या वापरासाठी कुरिअरनं आणलेल्या वस्तूला त्या वेळी बेसिक ड्युटी १० टक्के होती. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. किंमत, ड्युटी आणि अधिभार या तिन्हींच्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे १३,०००, मग १,३००, मग १,४४,३०० वर ४०,४०४. एकूण ५४,७०४. टक्केवारीत ४२.०८. दर अधूनमधून बदलतात, जीएसटीही पुढं बदलला, त्यामुळं मागवण्याच्या दिवशीचा दर ब्रोकरकडूनच विचारून घ्या. हिशोबाची पद्धत मात्र लक्षात ठेवा, कर करावर चढत जातो.

भाडंही किमतीत धरतात, तिथं अजून एक फटका असतो. सायकल आठ-नऊ किलोची, म्हणून भाडं किरकोळ असेल असं मला वाटलं होतं. हवाई कुरिअरवाले पेटीचं आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५,००० नं भागायचं. आमची पेटी १४० बाय ८० बाय २५ होती. करून बघा, ५६ किलो येतात. भाडं त्या ५६ किलोंचं लागतं आणि वर त्या भाड्यावरही ड्युटी.

दोन्ही दंड मिळून २०,००० आणि गोदामभाडं ९,२०० झालं. तो माणूस एक रुपया द्यायला तयार नव्हता. नंतर त्यानं फोन उचलणंच बंद केलं. तीस दिवसांत माल सोडवला नाही तर तो विकायची तरतूद कायद्यात आहे, आणि माझे १,९५,००० आधीच गेले होते. म्हणून ८३,९०४ भरले. सायकल २,७८,९०४ ला पडली. पुण्यातल्या डीलरपेक्षा १६,०९६ नं स्वस्त, आणि तो डीलर वॉरंटीसकट देत होता.

याच दिवसांत आणखी एक फोन आला. "मुंबई कस्टममधून बोलतोय, तुमच्या पार्सलचे १८,५०० बाकी आहेत, या नंबरवर टाका, नाहीतर अटक." माझं नाव, पॅन, पार्सलचा नंबर, सगळं त्याला माहीत होतं. माझे कागद कुठून कुठं गेले असतील देव जाणे. हात थरथरत होता, पण काकांनी सांगून ठेवलं होतं. कस्टम अधिकारी कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाहीत, आणि नोव्हेंबर २०१९ पासून त्यांच्या पत्रांवर डीआयएन हा पत्राची ओळख पटवणारा क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या, वेबसाइटवर तपासता येतो. मी डीआयएन विचारला, फोन कट झाला.

शेवटी पेटी घरी आली. लेकीनं स्वतःच्या हातानं फोडली. काळीभोर, सुरेख सायकल. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला दोन मिनिटं वाटलं, जाऊ दे, पैसे गेले तर गेले.

पण तीस वर्षं लेथवर गेली आहेत, हात गप्प बसत नाहीत. बॉटम ब्रॅकेटखालचा, म्हणजे पॅडल जिथं बसतात त्या भागाखालचा, सिरियल नंबर कोरलेला नव्हता, स्टिकर होता आणि नखानं कड उचलली. तो नंबर कंपनीच्या भारतातल्या ऑफिसला मेल केला. उत्तर आलं, हा नंबर दुसऱ्या मापाच्या, दुसऱ्या रंगाच्या फ्रेमचा आहे. मग सायकल माझ्या मशीन शॉपवर नेली. हँडल धरून ठेवणारा स्टेम काढला, फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, वर येणारी नळी उघडी पडली. बाहेरचा व्यास बरोबर २८.६ मिलिमीटर. जाडी मोजायचा व्हर्नियर नळीच्या भिंतीला लावला. जाडी एका बाजूला ३.४ मिलिमीटर, समोरच्या बाजूला २.१. पुन्हा मोजलं, आमच्या कारागिराला मोजायला लावलं. तेच.

हॅकसॉ घेतला आणि नळी मुळाजवळ कापली. आतली बाजू गुळगुळीत नव्हती, कापडाची घडी पडावी तशी सुरकुती पडली होती. सुरकुतीत राळेचा गोळा, आणि त्यात हरभऱ्याएवढी पोकळी. आमच्याकडे कास्टिंगमध्ये असं ब्लोहोल दिसलं की जॉब बाजूला काढतात, मग तो पाण्याच्या पंपाचा का असेना. इथं त्याच्यावर माझी मुलगी पन्हाळ्याचा उतार पन्नासच्या वेगानं उतरणार होती. लोखंडी नळी आधी वाकते, माणसाला सूचना देते. कार्बन मोडतो तेव्हा एकदम मोडतो.

लेक शेजारी उभी होती. म्हणाली, "पप्पा, बरं झालं कापलं." आणि बाहेर जाऊन बसली.

पुढचं थोडक्यात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तोवर पैसे देऊन दोन महिने झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. फसवणूक कळल्या कळल्या तासाभरात हा नंबर लावला तर पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते, हे तिथंच कळलं. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. त्यानंतर त्या माणसानं दोन हप्त्यांत ४०,००० परत केले आणि पुन्हा गप्प झाला. मग ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. अडचण आली ती बिलाची. जीएसटी बिल नाही, करार नाही, फक्त चॅट आणि यूपीआयच्या नोंदी. सुदैवानं मी चॅट पुसलं नव्हतं. तुमचं कुणाचं असं काही चालू असेल तर एक मेसेजसुद्धा पुसू नका.

बाहेरून सायकल आणूच नये असं मी म्हणत नाही. आमच्या ओळखीतल्या एकानं परदेशातल्या दुकानातून स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या नावाच्या खऱ्या पावतीवर सायकल मागवली, पूर्ण ड्युटी भरली, आज ती व्यवस्थित चालते. मात्र तिथली वॉरंटी इथं चालेल का हे त्यानं आधी लेखी विचारून घेतलं होतं. त्याला सगळा खर्च धरून इथल्या किमतीच्या जवळपासच पडली. इथं मिळत नाही असं मॉडेल हवं होतं म्हणून त्यानं ते केलं, स्वस्त पडतं म्हणून केलं नाही.

तुमच्याकडं कुणी आधार-पॅन मागत असेल तर आधी इन्व्हॉइस मागा आणि त्यावरची किंमत तुम्ही देताय त्या रकमेशी ताडून बघा. तो दाखवणार नाही. ज्या तिघांनी मला विचारलं, त्यांतल्या दोघांनी हे केलं आणि दोघांनाही समोरच्यानं ब्लॉक केलं. तिसऱ्यानं ६०,००० आधीच दिले आहेत. तो उद्या सकाळी शॉपवर येतोय. फोर्कचे दोन्ही तुकडे टेबलाच्या खणात आहेत, व्हर्नियर त्याच्याच हातात देणार आहे.